बिगरीची तोंडी परीक्षा

जांभूळवाडी
ता. १४ एप्रिल १९४४

तात्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र बाजूला ठेवलं असेल, तर पद्मावहिनींनी ते फोडून तुम्हाला वाचून दाखवावं. दीड वर्षात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आपला हरी तुरुंगात गेला आणि तुम्ही कचेरीत लिहून दिलंत की, या भावाशी माझा संबंध नाही. तेव्हापासून तुमचं नाव लिहिताना माझा टाक अडतो. आजही अडतोच आहे. पण काम तुमच्याच टेबलावर येऊन पडलं आहे, त्याला मी काय करणार?

तुम्ही साताऱ्याला शाळाबोर्डात हेडक्लार्क, म्हणजे आमच्या शाळेचं निकालपत्रक तुमच्या हाताखालून जाणारच. ते आलं असेल तर जरा काढून बघा. बिगरीच्या वर्गात एकोणीस मुलं बसली आणि त्यातली सतरा नापास झाली. परीक्षा घ्यायला आलेल्या डिप्टीसाहेबांनी खाली शेरा मारला आहे: 'मुले मंद आहेत. स्वतःचे नावही सांगता येत नाही. वर्ग चालविण्यात अर्थ दिसत नाही.' हा शेरा कायम झाला तर जूनपासून बिगरी बंद, आणि बिगरी शिकवणारी बाई, म्हणजे तुमची बहीण, दुसरीकडे. माझं जाऊ द्या, मला कुठेही फळा आणि खडू मिळेल. पण इथल्या सहा वर्षांच्या पोरांना ओढा ओलांडून कुंडलच्या शाळेत कोण पाठवणार? पावसाळ्यात तो ओढा म्हशींनाही उतरू देत नाही. म्हणजे या मुलांची शाळा सुरू व्हायच्या आधीच संपली.

निकाल नीट वाचला तर त्यात एक गोष्ट दिसेल. पाटीवरचं लेखन सगळ्यांना आलं आहे. अक्षरं जागच्या जागी, पन्नासपर्यंत आकडे बिनचूक. नापास झाली ती तोंडी परीक्षेत. साहेब खाकी अर्ध्या चड्डीत, डोक्यावर हॅट, मागे पट्टेवाला, असे सायकलवरून आले. खुर्चीत बसून त्यांनी पहिल्याला विचारलं, 'बाळ, तुझं नाव काय?' तो म्हणाला, 'ठावं न्हाई.' दुसऱ्याला वडिलांचं नाव विचारलं. 'ठावं न्हाई.' तिसऱ्याला विचारलं, आभाळाचा रंग कोणता? त्या बापड्यालाही आभाळ ठाऊक नव्हतं. शेवटी गुंडा नावाचा माझा सगळ्यात हुशार मुलगा उभा राहिला. त्याला साहेबांनी त्यांचा नेहमीचा हिशेब घातला: तुमच्या घरी जेवायला माणसं किती, आणि एक पाहुणा आला तर किती? गुंडा शंभरपर्यंत मोजतो, तात्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं, साहेबांच्या चड्डीकडे पाहिलं, आणि तोही म्हणाला, 'ठावं न्हाई.'

पाटीवर इतकं येणारं मूल मंद कसं असेल? मुलं बुजली होती, एवढंच तुम्ही समजा. त्यांची फेरपरीक्षा व्हावी असा अर्ज सोबत जोडला आहे.

राग जिथल्या तिथे आहे. वहिनींना आठवण सांगा.

अनसूया


जांभूळवाडी
ता. २५ एप्रिल १९४४

तात्या,

तुमचं कार्ड मिळालं. 'बुजली हे कारण होत नाही. सबळ कारण लेखी कळवावे.' एवढंच. खाली 'आशीर्वाद' लिहायला जागा होती, पण असू दे.

हे पत्र टपालात टाकत नाही. आमच्या शाळेची झाडलोट करणारी अंबूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याला निघाली आहे, तिच्या हाती देते. वाचून झालं की चुलीत घाला. वहिनींना सांगा, त्या घालतील. तुम्ही कागद जपून ठेवणारे आहात.

परीक्षा झाली त्या दिवशी मी तणतणत गुंडाच्या घरी गेले. त्याची आई हरणाबाई भाकऱ्या थापत होती आणि गुंडा चुलीजवळ बसला होता. मी म्हटलं, 'हरणाबाई, तुमच्या पोरानं आज माझं नाक कापलं. स्वतःचं नाव सांगितलं नाही त्यानं.' तर ती बाई हातातली भाकरी तव्यात टाकून हसली. म्हणाली, 'बसा बाई. हितंच इचारते त्याला.' आणि माझ्यासमोर तिनं सुरू केलं.

'खाकी चड्डीवाला आला. नाव इचारलं. काय सांगशील?'

'ठावं न्हाई.'

'बा कुठं हाय म्हनला तर?'

'ठावं न्हाई.'

'घरात कितीजन जेवत्यात म्हनला तर?'

'ठावं न्हाई.'

'आन् गूळ देतो म्हनला तर?'

गुंडा जरा थांबला. मग म्हणाला, 'गूळ घीन. पर ठावं न्हाई.'

तात्या, मला हसू आलं. गुंडाचा बाप नाथाजी बेचाळीसपासून फरारी आहे. ओढ्यापलीकडे संस्थानची हद्द लागते, तिथे इकडच्या पोलिसांचा हात पोचत नाही. तो तिकडे कुठेतरी असतो आणि कधीमधी घरी येऊन जेवून जातो. वाडीत असे आणखी आहेत. गेल्या वर्षीच्या माघात शेजारच्या गावात पोलिसांनी एका पोरीला खाऊ दिला आणि विचारलं, काल घरी कोण आलं होतं? पोरीनं सरळ सांगितलं. तिच्या चुलत्याला धरून नेलं, तो अजून कुणाला दिसलेला नाही. तेव्हापासून वाडीतल्या प्रत्येक आईनं दळताना, भाकरी करताना, न्हाऊ घालताना पोरांकडून हे एकच उत्तर घोकून घेतलं आहे. मी वर्षभर 'अ आ इ' घोकून घेत होते आणि त्यांच्या आया हे. दोन्ही शाळा एकाच वेळी चालल्या होत्या, आणि आईच्या शाळेत पोरं पास झाली म्हणून आपल्या शाळेत नापास झाली. डिप्टीसाहेबांना चड्डी खाकीच मिळते, त्याला पोरं काय करतील?

हा झाला निकालाचा खरा अर्थ. आता तुम्हीच सांगा, हा मी कारणाच्या रकान्यात कसा लिहू? लिहिला तर आख्खी वाडी पोलिसांच्या हवाली केल्यासारखं होईल. नाही लिहिला तर मुलं कायमची मंद ठरतील. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे, आणि मला काही सुचत नाही.

कचेरीला रुचेल असं कारण लिहिण्यात तुमचा हात धरणारा कुणी नाही. हरीच्या वेळी पाहिलंच. एकदा या पोरांसाठी तो हात वापरा. टोमणा मारला, त्याबद्दल वाईट वाटत नाही, पण गरज माझी आहे, हेही कळतं.

अनसूया


जांभूळवाडी
ता. ११ मे १९४४

तात्या,

हेडमास्तर कामासाठी साताऱ्याला येत आहेत, त्यांच्या हाती हे देते. त्यांना जेवायला घाला. मागून वाढून घेणार नाहीत, पण खातील.

तुम्ही 'परीक्षेपूर्वी गावात गोवराची साथ असल्याने मुले अशक्त होती' असं कारण घातलंत आणि ते मंजूर झालं. मे अखेर फेरपरीक्षा. बातमी कळली तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन रडले. तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत यावर अजून विश्वास बसत नाही. वहिनींनी पत्र जाळलं, हेही समजलं. त्यांनी अंबूबाईजवळ पाठवलेलं लोणचं पोचलं.

आता माझी पंचाईत ऐका. फेरपरीक्षा मिळाली, पण पोरांचं तोंड उघडायचं कसं? हेडमास्तरांनी कुठून तरी जुनी हॅट पैदा केली. ती घालून ते वर्गात आले तर दोन पोरं बाकाखाली शिरली. दुसऱ्या दिवशी मी हॅट पोरांच्या हातात दिली. एकेकानं ती घालायची, खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांना प्रश्न विचारायचे. हॅट नाकापर्यंत येते, त्यामुळे साहेब कोण ते कळत नाही आणि सगळे हसतात. आता हॅटची भीती गेली आहे.

पण आया कुरकुरायला लागल्या. हरणाबाई एकटीच शाळेत आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, 'बाई, आवं काय हे? मी वरीसभर तोंड झाकाय शिकवलं, तुमी आठ दिसात उघडाय लागला. पोराला कळतंय व्हय, कुणाला सांगायचं आन् कुणाला न्हाई?' मी म्हटलं, 'कळेल. मी नियम घालून देते. शाळेत विचारलं तर पूर्ण उत्तर द्यायचं, शाळेबाहेर विचारलं तर आई शिकवते तेच.' तिनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग म्हणाली, 'त्यांचा बी निरोप आलाय. पोराची शाळा तोडू नगा, म्हनत्यात. तवा मी काय बोलू? तुमी शिकवा. तुमच्या जिवावर सोडते.'

'तुमच्या जिवावर सोडते' म्हणून गेली. त्या रात्री मला झोप आली नाही.

मुलांना नियम समजला असं वाटतं. रोज मी विचारते, 'ओढ्यावर विचारलं तर?' सगळी ओरडतात, 'ठावं न्हाई.' 'शाळेत विचारलं तर?' मग धडाधड नावं, बापांची नावं, बैलांची नावंसुद्धा. गुंडानं शंका काढली, 'बाई, भाईरचा ओटा शाळेचा का न्हाई?' मी घाईत होते. म्हटलं, 'शाळेचाच की. ओटाही शाळाच.'

हरीचं काही कळतं का? तुम्ही चौकशी करत नसाल हे ठाऊक आहे, तरी विचारते.

अनसूया


जांभूळवाडी
ता. ३० मे १९४४

तात्या,

पास! एकोणिसातली अठरा पास. राहिलेल्या एकाला त्या दिवशी खरोखरच ताप होता.

तेच डिप्टीसाहेब, तीच चड्डी. गुंडाला त्यांनी पुन्हा तोच हिशेब घातला. तो हाताची घडी घालून म्हणाला, 'आमच्या घरी चार माणसं जेवतात. एक पाहुणा आला तर पाच होतील.' अगदी पुस्तकातल्यासारखं, 'हाय' आणि 'न्हाई' सुद्धा न लावता. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शेरा लिहिला: 'मुले निर्भयपणे व पूर्ण वाक्यांत उत्तरे देतात. कोणी अपरिचित मनुष्य असला तरी संकोचत नाहीत. शिक्षिकेचे श्रम स्तुत्य.' बिगरी चालू राहणार, असं तोंडीच सांगून गेले.

शेरा तुम्हाला दिसेलच. मी तो चारदा वाचला. आठ वर्षांच्या नोकरीत इतका चांगला शेरा कुणी दिला नव्हता. हरणाबाईनं मला ओंजळभर शेंगा आणून दिल्या. तिचा चेहरा मात्र फारसा खुलला नव्हता. माझा खुलला होता, खोटं कशाला बोलू.

वहिनींनी लिहिलं की, तुम्ही हरीला धोतरजोडी पाठवलीत, नाव न घालता. हे मला माहीत नाही असं तुम्ही समजा.

तुमची
अनसूया


जांभूळवाडी
ता. १० जुलै १९४४

तात्या,

हे पत्र कुणाच्या हाती देऊ ते ठरलेलं नाही. देण्यासारखं माणूस वाडीत उरलं असेल तरी माझ्या हातून ते घेईल का, ठाऊक नाही.

बेंदूर चार दिवसांवर आला होता. मधल्या सुट्टीत पोरं शाळेच्या ओट्यावर मातीचे बैल करत होती. एक गृहस्थ आले. धोतर, काळा कोट, खांद्याला पिशवी. खाकी काहीही नव्हतं. हॅट नव्हती. मला म्हणाले, 'शाळाखात्यातून आलो, मुलांची प्रगती बघतो.' मी म्हटलं, 'बसा.' ते ओट्यावरच पोरांत बसले. मी आत पाट्या तपासत होते आणि खिडकीतून आवाज येत होता. त्यांनी बैलांचं कौतुक केलं, मग विचारलं, तुमच्या घरी माणसं किती, पाहुणा आला तर किती? गुंडाचा आवाज मी ओळखला. 'आमच्या घरी चार माणसं जेवतात. एक पाहुणा आला तर पाच होतील.' मी आतून ऐकत होते, तात्या, आणि मला बरं वाटत होतं. मी मनात म्हटलं, बघा, हा माझा मुलगा.

मग मी मागच्या दाराला पाणी प्यायला गेले.

पुढचं मला दुसऱ्या पोरांनी सांगितलं. त्या माणसानं विचारलं, 'आणि बेंदराला किती जेवणार?' गुंडा म्हणाला, 'बेंदराला पाच. आमचे आबा येणार आहेत.' 'कधी येणार?' 'पहाटे येणार आहेत. बैल धुतील, पोळी खातील आणि जातील.' सगळं पूर्ण वाक्यांत.

बेंदराच्या पहाटे नाथाजी गोठ्यात बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. पोलिस उसात आधीपासून बसून होते. त्यानं पळायचाही प्रयत्न केला नाही म्हणतात, कारण गुंडा त्याच्या पाठीशी उभा होता आणि त्यांनी बंदुका रोखल्या होत्या. तासगावला नेलं म्हणतात, कुणी म्हणतं साताऱ्याला. तुम्हाला कचेरीत काही कळलं तर एवढं एक काम करा, कुठे ठेवलं आहे ते कळवा. त्याच्या आईला ते हवं आहे. मारहाण होते का तेही विचारा. नको, ते विचारू नका.

दोन दिवस मला तुमचा संशय आला. त्या माणसाला तो हिशेब कसा माहीत होता? पोरं आता बोलतात हे कुणी सांगितलं? तुम्हीच सांगितलंत असं ठरवलं असतं तर माझं सोपं झालं असतं. तुमच्यावर चिडायची मला सवय आहे. पण तो हिशेब जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत घालतात, आणि मुलं अनोळखी माणसाशी बोलतात हे शेऱ्यातच लिहिलं आहे, कुणीही वाचावं. तो शेरा मी मिळवला. माझ्या मुलांच्या तोंडी परीक्षेत पोलिस पास झाले, असं हेडमास्तर म्हणाले आणि नंतर माझी माफी मागत बसले. माफी कशाची मागायची, खरंच बोलले ते.

आईनं घोकून घेतलेलं उत्तर मी पुसलं आणि माझं घोकून घेतलं. पोरानं काहीही चुकवलं नाही. मी ओटा शाळेचा म्हणाले, तो ओट्यावर बोलला. आता कुणाला सांगू की ओटा शाळेचा नव्हता म्हणून?

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाई गुंडाला घेऊन शाळेत आली. मी वाटच बघत होते की ती दगड घेऊन येईल. तिनं मला शिवीसुद्धा दिली नाही. त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, 'बाई, ह्याला हितंच बसवून ठिवा दिसभर. घरात ह्याच्याशी कोन बोलंना झालंय. सासूबाई ताट पुढं सरकवत्यात आन् तोंड फिरवत्यात. मी बी मनाला लय समजावते, पर माज्या बी तोंडातनं सबूद फुटत न्हाई. तुमी बोला. तुमी बोलाय शिकवलाय.' एवढं म्हणून ती गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सहन केला असता.

गुंडाला काय कळलं आहे ते मला कळत नाही. तो आता पहिलीत आहे; बिगरीबरोबर पहिलीही माझ्याच वर्गात बसते. त्याला वाटतं आबा आले आणि साहेब त्यांना कामाला घेऊन गेले. आजी का बोलत नाही हे त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, दात दुखतोय. तेव्हापासून तो रोज डब्यातली लवंग मागतो, आजीला द्यायला.

वाडीतल्या बाकीच्या आयांनी पोरांना पुन्हा जुनं उत्तर घोकवायला घेतलं आहे. वर्गात मी नाव पुकारलं तर कुणी 'हजर' म्हणत नाही. मी त्यांना काही सांगत नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

एक गुंडा तेवढा बोलतो. त्याला मी पहिल्या रांगेत बसवलं आहे. मी फळ्यावर काही लिहिलं की तोंडातून प्रश्न निघायच्या आधीच त्याचा हात वर होतो. साऱ्या वर्गात तेवढा एकच हात. मी त्याच्याकडे पाहते, आणि तात्या, मला त्याला काहीही विचारवत नाही.

अनसूया